कच्ची नळी, भाजलेली नळी

नीलांबरी बोरस्तेला त्या दिवशी मिळणार होतं ते एवढंच, की सहीच्या डोक्यावरचा एक शब्द जाणार होता. पाच वर्षं तपासणीचा दाखला ती तयार करत होती आणि सही करताना वर लिहीत होती 'करिता'. काम हिचं, नाव मॅनेजर टिपणीससाहेबांचं. दुपारी पुण्याहून वीज कंपनीचे इन्स्पेक्टर येणार होते. लॉट पास झाला की तपासणी विभाग तिच्या नावावर होणार, असा शब्द खुद्द मालकांनी, उगलेसाहेबांनी दिला होता. पगार तोच, खुर्ची तीच, पंखाही तोच कुरकुरणारा. पण मी सोनाराच्या घरची. मासाभर सोन्यासाठी माणूस कसा रात्रभर कूस बदलतो ते मी लहानपणापासून पाहिलंय.

"नवी साडी?" मी डिस्पॅचच्या खिडकीतून विचारलं.

"दसऱ्याची आहे हो, कुलथेबाई."

"दसरा काल झाला. आज कुणाला दाखवायला?"

"तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्या नजरेतून काही सुटतं का?"

आणि लाजली. एम.एस्सी. झालेली, तिशी ओलांडलेली बाई एका सहीपायी लाजते, हे पाहायलाही मजा येते.

आमची कंपनी 'किरणोत्कर्ष पॉलिमर्स', सिन्नरच्या एमआयडीसीत. गावातल्या रिक्षावाल्यांना ते नाव पेलवत नसे. ते म्हणत 'किरण कंपनी', आणि गेटपाशी माणूस उतरवला की तिथल्या तिथे रिक्षा वळवत. आत किरणं आहेत म्हणे! मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "अंधारात चमकायला लागशील का गं?" मी म्हटलं, लागले तर बरंच, विजेचं बिल वाचेल.

चमकण्यासारखं काही नव्हतं. जाड काँक्रीटच्या भिंतींआड एक यंत्र होतं, ते इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचं. त्या झोताखालून आम्ही प्लॅस्टिकच्या काळ्या नळ्या फिरवायचो. साधी नळी तापवली की मेणासारखी वितळते. झोताखालून गेलेल्या नळीच्या आतल्या साखळ्या मात्र एकमेकींत गुंततात. मग तिला कितीही तापवा, ती मऊ होते पण वितळत नाही. अशी नळी गरम करून फुगवायची आणि फुगलेली असतानाच गार करायची. पुढे वीज कंपनीचा माणूस ती केबलच्या सांध्यावर चढवून आग दाखवतो, तेव्हा तिला आपला मूळ आकार आठवतो आणि ती आक्रसून सांधा गच्च धरते. पावसाचा थेंब आत जात नाही. आमच्याकडे याला कुणी विज्ञानाच्या नावाने बोलवत नसे. झोताखालून गेलेली ती 'भाजलेली', न गेलेली ती 'कच्ची'. दिसायला दोघी सख्ख्या जुळ्या बहिणी. ओळखायची कशी? प्रत्येक भेंडोळ्यावर कागदाचा एक पिवळा गोल बिल्ला चिकटवलेला असे. झोताखालून गेला की तो लाल व्हायचा. पिवळा म्हणजे कच्ची, लाल म्हणजे भाजलेली. शाळेत न गेलेल्यालाही कळावं इतकं सोपं.

इतकं सोपं असलं की चुकायला वाव राहत नाही, अशी आमची समजूत होती.

रोज सकाळी भाजलेल्या मालातली एक नळी फुगवून बघायची पद्धत होती. ते मशीन सांगळेमामांकडे. हॉलमधल्या मालाची राखणही त्यांच्याकडेच. मामा गेल्या पंधरा वर्षांत धावलेले मी पाहिले नव्हते. त्या सकाळी ते धावत आले.

"मॅडम, नळी पार बसली!"

"बसली म्हणजे?" नीलांबरीने विचारलं.

"फुगायची सोडून लोंबली ना. मशिनात नुसता काला झाला. या, बघा तरी."

आम्ही दोघी गेलो. तसं डिस्पॅचवाल्या बाईचं तिथे काही काम नव्हतं, पण काम नसलेल्या जागी जाण्यात माझा हात कुणी धरत नसे. मशिनातून काळा चिकट लोळा ओघळत होता. नीलांबरीने तो चिमट्यात धरून ओढला, तशी चिकाची निघावी तशी तार निघाली.

"ही कच्ची आहे."

"कच्ची कशी? बिल्ला लाल होता की! ह्यो बघा."

तिने बिल्ला हातात घेतला. उजेडाकडे धरला. नखाने खरवडला. मग नाकाशी नेला.

"मामा, हे कुंकू आहे."

सांगळेमामा मटकन स्टुलावर बसले. आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढे परवाची खंडेनवमी आली असणार.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राची पूजा असते. यंत्र बंद, दाराला झेंडूचं तोरण, पाना-पकडींना हळदकुंकू, पेढे. उगलेसाहेबांच्या पत्नी कुमुदवहिनी वर्षातून त्या एकाच दिवशी, रस्त्यापलीकडच्या बंगल्यातून आरतीचं ताट घेऊन कारखान्यात यायच्या. बाकी दिवस त्यांना कारखाना म्हणजे दुपारी डबा घ्यायला येणारा शिपाई. यंदा टिपणीससाहेबांनी फर्मान काढलं होतं, "घरची मंडळी येणार, हॉल मोकळा करा, रांगोळीला जागा करा." कच्चा माल आणि भाजलेला माल यांच्यामध्ये जाळीचं कुंपण असतं. ते मामांनी काढलं आणि सगळी भेंडोळी एकाच भिंतीला रचली. बिल्ले होतेच ना ओळखायला.

वहिनींनी पूजा फार मनापासून केली. यंत्राला लावलं, पंख्याला लावलं, काट्याला लावलं. मग भेंडोळ्यांच्या रांगेपुढून तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी घेऊन गेल्या, वाकून वाकून. त्यांचा भाव बघून मला भरून आलं होतं. आरतीनंतर कुणीतरी सगळ्या भेंडोळ्यांवरून ओलं फडकं फिरवलं, त्याने कुंकू सगळ्याच बिल्ल्यांवर पसरलं. कागदात कुंकू भिनलं ते भिनलंच. कुठला बिल्ला झोताने लाल झाला आणि कुठला वहिनींनी, ते आता देवालाच ठाऊक.

टिपणीससाहेब आले. उंच, चंदनाचा वास मारणारे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. सहीशिवाय त्यांचं काही जाणार नव्हतं. पण माणूस दागिना द्यायला निघाला की तो त्याला हातात आणखी जड लागतो, हे मी दुकानात हजारदा पाहिलंय.

"सगळा लॉट पुन्हा झोताखालून काढू," ते म्हणाले.

"नाही काढता येणार, साहेब," नीलांबरी म्हणाली. "ज्या भाजल्यात त्यांना दुप्पट मार बसेल. कडक होतील, फुगवताना तडकतील."

"मग ओव्हनमध्ये तपासा."

"ओव्हनमध्ये एका वेळी मूठभर तुकडे लटकतात, त्यालाही पाव तास. इथे दोनशेच्या आसपास भेंडोळी आहेत. उद्या दुपारपर्यंत जाईल."

"मग इन्स्पेक्टरना फोन करू. पुढच्या महिन्यात या म्हणू." त्यांनी चष्मा पुसला. "घाई नाही, नीलांबरी. सही काय, आजवर माझी चालली, आणखी काही दिवस चालेल. उगलेसाहेब सुरतेहून परतले की मी बोलतो त्यांच्याशी."

किती मायेने म्हणाले! नीलांबरीचा चेहरा फुगवलेल्या नळीसारखा ताणला गेला.

"दाबकेसाहेब पुण्याहून निघालेत," ती म्हणाली. "आता थांबवता येणार नाही."

"मग त्यांना काय सांगणार? माल मिसळला? कुणी मिसळला?" टिपणीससाहेबांनी मामांकडे पाहिलं. "कुंपण काढलं कुणी?"

"म्या काढलं," मामा म्हणाले. "पण साहेब, तुमीच…"

"मी हॉल मोकळा करा म्हटलं. माल एकत्र करा असं म्हटलं?"

माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. चूक कुणाची ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं, कारण ते नाव मालकिणीचं, आणि तिच्या हातचे पेढे अजून सगळ्यांच्या पोटात होते. चूक पाण्यासारखी असते, उताराने वाहत जाते. आमच्या हॉलचा सगळा उतार सांगळेमामांच्या स्टुलाकडे होता.

"मामांना तूर्त घरी बसायला सांगू," टिपणीससाहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत."

"मामांना सांगितलं तेच त्यांनी केलं," नीलांबरी म्हणाली. "आणि कुठल्या भेंडोळ्यांना कुंकू लावलं, ते एकाच माणसाला विचारता येईल."

"तू वहिनींना विचारणार?"

"हो."

"बंगल्यावर जाऊन?"

"त्या इथे येत नाहीत, म्हणून."

ती निघाली. दारापाशी थांबून माझ्याकडे वळली, "कुलथेबाई, येता?" मला वाटतं तिला साक्षीदार हवा होता. किंवा परत फिरू नये म्हणून मागे एक माणूस.

कुमुदवहिनी अंगणात बसून आपट्याची पानं गोळा करत होत्या. निफाडच्या बागायतदाराची मुलगी, अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. आम्हाला पाहून उठल्याच.

"अगंबाई, या या! सोनं द्यायला आलात होय? काल यायचं ना! चहा टाकते."

"वहिनी, चहा नको," नीलांबरी म्हणाली. "एक विचारायचं होतं. परवा तुम्ही नळ्यांना कुंकू लावलंत ना?"

"लावलं की. का गं?"

"सगळ्यांना लावलंत?"

"छे! सगळ्यांना कशाला? बहुतेकांना आधीच लावलेलं होतं ना कुणीतरी. छान गोल." त्या हसल्या. "ज्यांची कपाळं पिवळी दिसली, नुसती हळद लावून ठेवलेली, त्यांनाच लावलं. म्हटलं, एवढी अर्धवट पूजा कुणी केली? बायामाणसं कमी ना तुमच्यात, म्हणून अशी राहतात."

नीलांबरीने खाली पाहिलं. मी आभाळाकडे. सांगायचं कुणी?

सांगितलं तिनेच. सरळ, भरभर, जसं प्रयोगशाळेत नव्या मुलीला शिकवायची तसं. पिवळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, कच्ची नळी केबलवर चढली तर काय होतं: आग दाखवली की ती गळून पडते, सांधा उघडा राहतो, पावसात पाणी शिरतं, आणि एखाद्या गावाची वीज जाते किंवा एखाद्या लाइनमनचा जीव. वहिनींच्या हातातली पानं एकेक करून खाली पडली.

"म्हणजे ते कपाळ नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी रंग पुसला."

"पुसला नाही. चढवला."

मला वाटलं आता रडतील, किंवा चिडतील. मालकिणीला दोन्ही शोभून दिसतं. वहिनींनी पदर खोचला.

"ओळखायच्या कशा मग? काहीतरी असेलच ना?"

"तापवून. कच्ची वितळते, भाजलेली वितळत नाही. पण आमचा ओव्हन लहान पडतो. मोठा, सपाट, सगळीकडे सारखा तापलेला पत्रा हवा…" नीलांबरी बोलता बोलता थांबली. उघड्या दारातून तिची नजर स्वयंपाकघरात गेली होती. "वहिनी, तुमच्याकडे मोठा तवा आहे?"

"पुरणाच्या मांड्यांचा आहे. परातीएवढा. बिडाचा."

"तो परत मिळणार नाही."

"न मिळू दे. शेगडी हवी ना? सिलिंडर उचलायला माणूस पाठव."

हॉलच्या मागे, मोकळ्या हवेत, शेडखाली शेगडी लागली. वास डोक्यात जाऊ नये म्हणून नीलांबरीने सगळ्यांना वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. आधी तिने एक नक्की कच्चा आणि एक नक्की भाजलेला तुकडा तव्यावर ठेवला. वहिनींच्या हातात उलथनं दिलं.

"दाबून बघा."

कच्चा तुकडा उलथन्याखाली पसरला आणि चिकटला. भाजलेला मऊ झाला, दबला, आणि सोडल्यावर उठून बसला.

"अय्या! पहिला गुळाच्या पाकासारखा, दुसरा रबरासारखा."

"एवढंच लक्षात ठेवायचं. शंका आली तर मला सांगायचं, स्वतः ठरवायचं नाही."

"बरं बाई," वहिनी म्हणाल्या. मालकिणीला 'ठरवायचं नाही' असं बजावणारी ती कंपनीतली पहिलीच.

मग जे चाललं ते एखाद्या लग्नघरात शोभलं असतं. मामा प्रत्येक भेंडोळ्याचं टोक कापून तुकडा आणायचे, मी भेंडोळ्यावर आणि तव्याच्या कडेला खडूने एकच आकडा टाकायची, वहिनी दाबायच्या, नीलांबरी बघायची.

"उठली!"

"हॉलमध्ये."

"पसरली!"

"झोताकडे."

"ही जरा… मला वाटतं उठतेय, पण आळशी आहे."

नीलांबरीने वाकून पाहिलं. "कच्ची नाही. कडेला तवा थंड आहे. मध्ये घ्या."

"बघा," वहिनी मला म्हणाल्या, "आमच्या घरी पण असंच. कडेला बसवलं की माणूस आळशी होतो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं वासाने डोळे चुरचुरत असतील.

मध्येच गडी बंगल्यातून वहिनींचा मोबाइल घेऊन आला. उगलेसाहेब सुरतेहून. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा होता.

"तू कारखान्यात काय करतेयस?"

"नळ्या भाजतेय."

"काय?"

"भाजलेल्या नळ्या पुन्हा भाजून बघतेय. चूक माझी आहे, तर निस्तरायलाही मीच हवी ना?"

"टिपणीस काय करतोय?"

वहिनींनी वळून पाहिलं. टिपणीससाहेब रुमाल नाकाला लावून खांबाला टेकले होते. "ते हवा बघतायत," त्या म्हणाल्या आणि फोन गड्याच्या हातात देऊन टाकला. मामा खोकल्याच्या निमित्ताने शेडच्या पलीकडे जाऊन आले.

दुपार कलायच्या आत छाननी झाली. चाळीसेक भेंडोळी कच्ची निघाली. दाराचा भोंगा झाला, यंत्र सुरू झालं, आणि ती झोताखाली गेली. यावेळी नीलांबरीने नव्या बिल्ल्यांशेजारी जाड पेन्सिलीने आकडेही टाकले. शेवटची काही आत असतानाच गेटवर पांढरी जीप आली.

दाबकेसाहेब बुटके, बारीक, कानात केस असलेले. गाडीतून उतरले ते नाक वर करून.

"जळल्याचा वास कसला?"

"काही नाही, साहेब," टिपणीससाहेब पुढे झाले. आवाज पुन्हा रेशमी. "कँटीनचं जरा… या ना, आधी चहा घेऊ."

आता हिशेब असा होता. सगळा माल आता खरोखर नीट होता. कुणी काही बोललं नसतं, तर दाबकेसाहेबांनी चार भेंडोळी निवडली असती, ती पास झाली असती, आणि नीलांबरीला सही मिळाली असती. बोललं तर माल मिसळला होता हे कागदावर जाणार, आणि मिसळलेला माल परत पाठवायचा हक्क इन्स्पेक्टरला असतो. चहा घ्यायला किती वेळ लागतो?

"साहेब," नीलांबरी म्हणाली. "कँटीनचं नाही. माल मिसळला होता. आज सकाळपासून आम्ही प्रत्येक भेंडोळं तपासून वेगळं केलं. कच्ची होती ती आत्ता भाजली जातायत."

टिपणीससाहेबांनी डोळे मिटून घेतले.

दाबके तिच्याकडे वळले. "कसं तपासलं?"

"तव्यावर."

"तव्यावर?"

"या, दाखवते."

शेडखाली वहिनी अजून उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या. कपाळावर काजळी, साडीला काळे ठिपके.

"आणि मिसळलं कुणी?" दाबकेंनी विचारलं.

मामा एक पाऊल पुढे आले. बिचाऱ्याने ठरवून टाकलं होतं. पण वहिनींचं उलथनं आडवं आलं.

"मी. मी उगलेंची बायको. पिवळे बिल्ले बघून मला वाटलं, कुंकू राहिलंय. लावलं."

दाबकेंच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. त्यांनी स्वतः कात्री मागितली, स्वतः फिरून हवे तिथले तुकडे कापले, कच्च्यांतले जास्त. काही ओव्हनमध्ये लटकवले, काही वहिनींना दिले. "करा." वहिनींनी तवा तापवला. ओव्हनच्या काचेआड तुकड्यांना वजनं लोंबत होती, एकही तुटला नाही. तव्यावर एकही पसरला नाही. दाबके तव्यावर वाकून बघत होते, जणू आंबोळी होते आहे.

"माझ्या नोकरीत," ते शेवटी म्हणाले, "मिसळलेला माल शंभरदा पाहिला. मिसळला असं कुणी सांगताना आज पाहिलं." आणि मग, "कुंपण पुन्हा काढायचं नाही. आणि ज्या खुणेवर कुंकू चढू शकतं, तिच्यावर एकटीवर विसंबायचं नाही. हे मी लिहिणार."

"लिहा," वहिनी म्हणाल्या. "मीही घरी लिहून लावते."

दाखला टेबलावर आला. टिपणीससाहेबांचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. दाबके म्हणाले, "ज्यांनी तपासलं त्यांची सही." नीलांबरीने नाव पूर्ण लिहिलं, नीलांबरी दत्तात्रय बोरस्ते, वर काही न लिहिता. शाई वाळेपर्यंत ती फुंकर मारत होती. तिच्या वडिलांच्या नावाला एवढी जागा त्या कंपनीत पहिल्यांदाच मिळाली होती.

मला वाटलं, हिशेब मिटला. जिला मिळायचं तिला मिळालं. बरीच वर्षं मी तसंच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कारखान्यात आल्या. साधी साडी, हातात डबा. "तव्याचं बिड नळीने खराब झालं, घासायला आले," असं म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपण नीट लागलं का बघायला आल्या. मग मामांकडून भेंडोळी मोजायला शिकल्या. उगलेसाहेब सुरतेहून परतले तेव्हा स्टोअरच्या खोलीत एक नवं टेबल होतं.

"तू कशाला?" त्यांनी विचारलं.

"माझ्यामुळे घोळ झाला. पुन्हा होऊ नये म्हणून लक्ष ठेवते," त्या म्हणाल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या दिवशी, मी त्यांना सरळ विचारलं. तोवर सगळं स्टोअर, सगळी खरेदी त्यांच्या हाताखाली होती.

"वहिनी, त्या दिवशी इन्स्पेक्टरसमोर इतक्या चटकन 'मी' म्हणालात. भीती नाही वाटली?"

"कसली भीती? लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, कुलथेबाई. त्या कारखान्यात माझं असं काहीच नव्हतं. आरतीसुद्धा भटजी सांगतील तशी. ती पहिली गोष्ट पूर्णपणे माझी होती." त्या हसल्या. "चूक का असेना. मी ती बरी मामांना देईन!"

मी सोनाराच्या घरची असून ते वजन माझ्या हाताला त्या दिवशी लागलं नव्हतं. सगळे चुकीपासून अंग चोरत होते आणि ही बाई ती उचलून सरळ आत शिरली होती.

तेव्हा कुणी किती भरलं ते आता नीट मांडते. नीलांबरीने ती नवी साडी भरली, तिच्यावरचे तव्याचे डाग निघाले नाहीत. मामांनी एका सकाळची धावाधाव. टिपणीससाहेबांनी एक सही, आणि त्यानंतर रोज दहा वाजता वहिनींना मालाचा हिशेब देणं, तेही उभ्याने. ते पुढच्या वर्षी नाशिकला बदलून गेले आणि तिथून दिवाळीला वहिनींना न चुकता कार्ड पाठवत.

सगळ्यात जास्त भरलं ते मात्र त्या दिवशी सुरतेला बसलेल्या माणसाने. उगलेसाहेबांना एकोणीस वर्षं दुपारी गरम जेवण आणि चारला आल्याचा चहा मिळत आला होता. ते दोन्ही बंद झालं. पहिला महिनाभर ते कँटीनचा चहा पिऊन तोंड वाकडं करायचे. मग एका दुपारी माझ्या खिडकीशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "कुलथेबाई, आलं पाण्यात आधी घालायचं की दुधानंतर?"

"आधी," मी म्हटलं. "ठेचून."

अर्ध्या तासाने ते दोन कप घेऊन हॉल ओलांडून स्टोअरकडे चालले होते, सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून, आणि यंत्रावरची सगळी माणसं हातातलं काम थांबवून त्यांना वाट करून देत होती.